नेम, श्वास आणि निरामयता : उमदी-इंचगेरीची ध्यानसाधना

(जत येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाची मुद्रित संहिता)

जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या शिवेजवळ उमदी हे गाव आहे. व्यंकटेश खंडेराव देशपांडे यांचा जन्म याच गावचा, १८४३ सालचा. पुढे ते भाऊसाहेब महाराज उमदीकर म्हणून ओळखले गेले आणि शिवेपलीकडच्या इंचगेरीत त्यांनी उभारलेला मठ एका ध्यानपरंपरेचे केंद्र झाला. शांत बसायचे, श्वासाच्या लयीत मनातल्या मनात नाम घ्यायचे आणि हे रोज, ठरल्या वेळी करायचे, एवढीच ही रीत. सांगली, सोलापूर, विजापूर, बेळगाव या पट्ट्यात ती शतकाहून अधिक काळ घराघरांत चालत आली आहे. ध्यानाने दुखणे बरे होते का, मन निवते का आणि निवत असेल तर कशाने, याची चर्चा आज चीनमधील चीगाँग या श्वाससरावाच्या वर्गांपासून अमेरिकेतील रुग्णालयांपर्यंत चालू असते. त्या चर्चेतले बहुतेक मुद्दे जतच्या पंचक्रोशीत उदाहरणांसह सापडतात.

भाऊसाहेबांचे गुरू निंबरगीचे गुरुलिंगजंगम महाराज, म्हणजेच निंबरगी महाराज. अठराव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेले हे लिंगायत सत्पुरुष कणेरीच्या काडसिद्धांच्या परंपरेतले मानले जातात. त्यांचा उपदेश कानडीत होता आणि तो संसारी माणसासाठी होता. घरदार सोडू नये, हातचे काम टाकू नये, नाम मात्र विसरू नये, असा त्याचा रोख. त्यांचे शिष्य रघुनाथप्रिय महाराज यांच्यामुळे उमदीचा कोवळ्या वयातला व्यंकटेश त्यांच्यापर्यंत पोहोचला. गुरू लिंगायत आणि कानडी बोलणारा, शिष्य देशस्थ ब्राह्मण आणि देशपांडेपणाच्या वतनाच्या घरातला. त्या काळच्या सोवळ्याओवळ्यात ही गोष्ट साधी नव्हती. तरीही १८८५ मध्ये निंबरगी महाराजांचे निधन झाल्यावर परंपरा पुढे नेण्याचे काम भाऊसाहेबांकडे आले आणि १९१४ मध्ये इंचगेरीत देह ठेवेपर्यंत त्यांनी ते केले. त्यांच्या शिष्यांत जिगजेवणीचे अंबुराव महाराज, जमखंडीचे रामचंद्र दत्तात्रेय रानडे, पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज, गिरिमल्लेश्वर महाराज आणि शिवलिंगव्वा अक्का यांची नावे ठळक आहेत. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा या मंडळींच्या भजनात एकाच बैठकीत चालत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाच्या भाषणांत हा इतिहास क्वचितच ऐकू येतो.

या परंपरेतल्या लोकांच्या बोलण्यात ‘ध्यान’ या शब्दापेक्षा ‘नेम’ हा शब्द जास्त येतो. माणूस नेमाला बसतो. नेम चुकला तर दिवसभर चुटपुट लागते. नेमाचे स्वरूप साधे आहे. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, नजर नाकाच्या शेंड्याच्या दिशेने किंचित उतरती ठेवून बसायचे. गुरूने दिलेले नाम ओठ न हलवता घ्यायचे आणि त्याचा मेळ आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाशी घालायचा. श्वास मुद्दाम कोंडायचा नाही. मन भरकटले की त्याला पुन्हा नामावर आणायचे. जोडीला दासबोधाचे वाचन आणि भजन असते. भाऊसाहेब स्वतः रोज कित्येक तास नेमाला देत, रात्री झोपेने गाठू नये म्हणून उभे राहूनही ध्यान करीत, असे संप्रदायात सांगतात. संसारी अनुयायांकडून एवढी अपेक्षा नव्हती. वेळ थोडी असली तरी चालेल, खाडा मात्र होऊ नये, हा दंडक होता.

या पद्धतीत आजार बरा करण्याचे आश्वासन कोठेही केंद्रस्थानी नाही. दुखणाईत माणसे मठात येत, अंगारा मागत, हे या मुलखातल्या कुठल्याही मठाबाबत खरे आहे. पण नाम घेतले म्हणून ताप उतरेल, असा करार नेमात नव्हता. चित्तशुद्धी हा त्याचा हेतू. शरीराला आणि मनाला जे बरे वाटे, ते त्या वाटेवर आपोआप पदरात पडे. हा भेद पुढे चीनची हकिगत पाहताना महत्त्वाचा ठरतो.

शरीर, आजार आणि नेम यांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो गुरुदेव रानडे यांच्या चरित्रात. त्यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीला झाला. १९०१ मध्ये, शाळकरी वयात, त्यांना भाऊसाहेबांकडून नाम मिळाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते १९०७ मध्ये बी. ए. झाले, एम. ए. व्हायला मात्र १९१४ साल उजाडले. अतिशय हुशार विद्यार्थ्याच्या शिक्षणात पडलेल्या या खंडामागे ढासळलेली प्रकृती होती. वैद्य-डॉक्टरांचे उपाय चालू असतानाच त्यांनी नेम वाढवला आणि बौद्धिक कुतूहलापुरती असलेली साधना जगण्याचा आधार बनली, असे त्यांच्या चरित्रांतून दिसते. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवू लागले. तेथेही प्रकृतीने पुन्हा अडवले आणि नोकरी सोडून ते निंबाळला राहायला गेले. सोलापूर-विजापूर रेल्वेमार्गावरचे हे छोटे ठिकाण पुढे त्यांच्या आश्रमामुळे ओळखले जाऊ लागले. उपनिषदांच्या तत्त्वज्ञानावरचा त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्ये, म्हणजे याच आजारपणाच्या आणि विजनवासाच्या पर्वात बाहेर आला. त्यानंतर गंगानाथ झा यांच्या निमंत्रणावरून ते अलाहाबाद विद्यापीठात गेले, तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख आणि काही काळ कुलगुरूही झाले. निवृत्तीनंतर ते निंबाळला परतले आणि ६ जून १९५७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ज्याच्या प्रकृतीची विशीत शाश्वती नव्हती, त्याने सत्तरी गाठली.

भक्त याला नामाचा चमत्कार म्हणतात. चमत्कार न मानताही या घटनेचा अर्थ लावता येतो. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. तोवर दीर्घ, झिजवणाऱ्या दुखण्यांवर जगभर एकच मुख्य उपचार होता : कोरडी हवा, विश्रांती, ठरल्या वेळी बेताचे अन्न आणि मनाला त्रास न होऊ देणे. सांगली-मिरज दरम्यान वान्लेसवाडीला मिशनच्या डॉक्टरांनी उभारलेले क्षयरुग्णालय याच तत्त्वावर चाले. जत, इंडी, निंबाळ हा सारा पर्जन्यछायेचा, कोरड्या हवेचा मुलूख. रानडे यांच्या दिनक्रमात हवा, एकांत, मिताहार आणि बांधलेल्या वेळा हे सगळे होते. त्यात नेमाने एक गोष्ट घातली, जी आरोग्यधामांना विकत आणता येत नव्हती : दिवस भरणारे काम. खाटेवर पडून राहिलेल्या रोग्याला दिवस कसा काढायचा हे कळत नाही, भीती त्याला पोखरते. रानड्यांना दिवस अपुरा पडत होता. आपल्या प्रकृतीच्या अनुभवाचा त्यांनी कधी जाहीरनामा केला नाही, ही त्यांची आणखी एक मोठी गोष्ट.

ध्यानात येणाऱ्या अनुभवांबद्दल मात्र रानडे यांनी भरपूर लिहिले. महाराष्ट्रातील गूढवादावरच्या १९३३ च्या ग्रंथात त्यांनी संतांच्या अनुभवांची रंग, रूप, नाद अशी वर्गवारी केली. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची चिकित्सा आणि साधकाची आस्था या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदतात. पण असे अनुभव म्हणजे निरोगीपणाचे लक्षण नव्हे आणि ते न येणे म्हणजे अपयशही नव्हे. नवशिक्या साधकांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते.

नामाने श्वासाचे काय होते, हे आता मोजता येते. निरोगी प्रौढ माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. उच्छ्वास लांबला की मेंदूतून निघून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. श्वास आत घेताना ते किंचित वाढतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले, की श्वासाची लय आणि रक्तदाबाची मूळचीच सुमारे दहा सेकंदांची लय एकमेकींवर बसतात आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर होते. इटलीतील लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटासा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतली माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या नोंदी जवळजवळ सारख्याच बदलल्या. नाम कोणत्या देवाचे आहे याच्याशी हृदयाला कर्तव्य दिसत नाही; लयीशी आहे. श्रद्धावंताला हे रुक्ष वाटेल, पण उमदीच्या ओसरीवर कानडी आणि मराठी नाम शेजारी शेजारी चालत आले, त्याच्याशी हे विसंगत नाही.

श्वास आणि योगक्रियांचे मोजमाप करण्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते हे क्षकिरणांच्या साहाय्याने तपासले आणि नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात अवस्था तयार होते असे दाखवले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. गांधीजींनी १९२७ च्या सुमारास आपल्या रक्तदाबाबाबत त्यांचा सल्ला घेतला होता. योगातले जे मोजता येते ते मोजावे आणि जे येत नाही त्याचा गाजावाजा करू नये, ही कुवलयानंदांची शिस्त. सातारा जिल्ह्यात औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो काळही हाच. उमदीत बैठकीवर भर, औंधात हालचालीवर, लोणावळ्यात तपासणीवर. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काय होते, हे पाहायचे तर चीनकडे वळावे लागते.

चीगाँग म्हणजे संथ हालचाल, श्वास आणि एकाग्रता यांचा एकत्र सराव. तो चीनमध्ये फार जुना आहे. चांगशा शहराजवळच्या मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर काढलेले एक चित्र १९७३ साली सापडले. त्यात व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती आहेत. मात्र आजच्या अर्थाने चीगाँग ही उपचारपद्धती १९५० नंतर घडली. लिउ ग्वेचेन या साम्यवादी कार्यकर्त्याला पोटाच्या व्रणाचा त्रास होता. गावाकडच्या जाणत्याकडून शिकलेल्या श्वाससरावाने आपण बरे झालो, असा त्याचा अनुभव. पक्षाने त्याला पाठबळ दिले, तांगशान आणि बेइदाइह येथे आरोग्यधामे निघाली आणि जुन्या धार्मिक परिभाषेतून तंत्र तेवढे वेगळे काढण्यात आले. सांस्कृतिक क्रांतीत हे सारे बंद पडले. त्यानंतर ग्वो लिन या चित्रकार बाईंनी, ज्या स्वतः कर्करोगाच्या रुग्ण होत्या, बीजिंगच्या बागांतून चालत करण्याचा चीगाँग शिकवायला सुरुवात केली. रुग्णांच्या रांगा लागल्या.

१९८० च्या दशकात याची लाट उसळली. मैदाने माणसांनी भरली; हातातून शक्ती सोडून रोग बरे करणारे, कानाने अक्षरे वाचणारी मुले दाखवणारे, स्टेडियममध्ये व्याख्याने देणारे ‘महागुरू’ निपजले. शास्त्रज्ञांतही फूट पडली. भौतिकशास्त्रज्ञ ह ज्वोश्यू यांच्यासारख्यांनी उघड विरोध केला. त्याच काळात अतिसरावाने भ्रम, भीती, निद्रानाश झालेले रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले आणि चीनच्या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात चीगाँगमुळे होणाऱ्या विकाराची वेगळी नोंद करावी लागली. १९९९ मध्ये चीगाँग शिकवणाऱ्या फालुन गाँग या संघटनेवर बंदी आली आणि लाट ओसरली. त्यानंतर सरकारी क्रीडा खात्याने बादुआनजिन, म्हणजे आठ हालचालींचा क्रम, पाच प्राण्यांच्या हालचालींवरचा वूछिनशी आणि आणखी दोन संच प्रमाणित करून ते साधा व्यायाम म्हणून शिकवायला घेतले. आज चीनमधल्या बागांतून म्हातारी माणसे सकाळी जे व्यायाम करताना दिसतात, त्यांत हे संचही असतात.

या दोन इतिहासांतला फरक तंत्रात फारसा नाही. संथ श्वास, शिथिल शरीर, एका गोष्टीवर टिकवलेले लक्ष, हे दोन्हीकडे आहे. फरक आश्वासनात आहे. चिनी लाटेने रोगमुक्तीचे वचन दिले, वचन मोडले तेव्हा माणसे दुसऱ्या गुरूकडे धावली. उमदी-इंचगेरीच्या नेमाने तसे वचन दिले नाही, म्हणून तो खेड्यापाड्यांत गाजावाजा न होता टिकला. याला अपवाद नाहीत असे नाही. बाबा-बुवांच्या नावावर औषधे बंद करायला लावणारे या मुलखातही आहेत, आणि त्यांचा संप्रदायाच्या शिकवणुकीशी काही संबंध नाही.

ध्यान मृत्यू टाळत नाही, हे सांगण्यासाठी याच परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध नाव, निसर्गदत्त महाराज, पुरेसे आहे. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज यांना १९०६ मध्ये भाऊसाहेबांकडून नाम मिळाले. गुरू गेल्यानंतर काही वर्षांनी ध्यानाच्या पलीकडे जाऊन विचाराने, विवेकाने ज्ञान होऊ शकते असे ते मांडू लागले. गुरुबंधूंनी आक्षेप घेतला; भाऊसाहेब महाराजांनी ध्यानच शिकवले, असे त्यांचे म्हणणे. मुंगीसारखे हळूहळू चढायचे तो पिपीलिका मार्ग आणि पक्ष्यासारखे थेट झेपावायचे तो विहंगम मार्ग, या जुन्या परिभाषेत हा वाद मांडला जातो. सिद्धरामेश्वरांचे शिष्य मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजे निसर्गदत्त महाराज, मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवत. मॉरिस फ्रीडमन यांनी त्यांच्या मराठी संवादांचे इंग्रजी रूप १९७३ मध्ये प्रसिद्ध केल्यावर खेतवाडीतल्या त्या छोट्या माळ्यावर जगभरचे जिज्ञासू येऊ लागले. उमदीचा नेम असा फिरत फिरत युरोप-अमेरिकेत पोहोचला. निसर्गदत्त महाराज ८ सप्टेंबर १९८१ रोजी गेले ते घशाच्या कर्करोगाने. शेवटच्या महिन्यांतही ते बोलत राहिले, प्रश्नांना उत्तरे देत राहिले. आजार बरा झाला नाही. आजाराची भीती त्यांच्यापाशी दिसली नाही.

वैद्यकाचा आजवरचा निष्कर्ष याच्या जवळपास येतो. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये ध्यानातल्या शिथिलतेचे शरीरशास्त्र लोकप्रिय केले, जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. २०१४ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा होते, असे त्यात दिसले. झोप, वजन, व्यसन यांबाबत पुरेसा पुरावा मिळाला नाही आणि व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान सरस ठरते असेही आढळले नाही. वाचताना हे थोडे वाटेल. पण जिथे पाऊस दगा देतो, डाळिंबाच्या बागेवरचे कर्ज रात्री झोपू देत नाही आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठायला सांगली-मिरजेची वाट धरावी लागते, तिथे चिंतेत थोडी ते मध्यम घट ही छोटी गोष्ट नव्हे.

नेमाला बसू इच्छिणाऱ्याने काही बाबी पाळणे आवश्यक आहे. रक्तदाब, मधुमेह, क्षय, फिट्स यांची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नयेत. हृदयरोग्याने आणि गरोदर स्त्रीने श्वास कोंडण्याचे प्रकार करू नयेत. निंबरगीच्या नेमात ते नाहीतच. ज्याला पूर्वी भ्रम झाले असतील, आवाज ऐकू आले असतील, त्याने तासन्‌तास एकांतात बसण्याऐवजी हालचालीचा सराव, भजन आणि माणसांचा सहवास धरावा. सुरुवात पंधरा मिनिटांनी करावी आणि दोन-तीन महिने ती वाढवू नये. ज्याला बसवत नाही त्याने सूर्यनमस्कार संथपणे, श्वासासह घालावेत. बादुआनजिनमधून चिनी म्हातारे जे मिळवतात, त्यातले बरेचसे त्याला औंधच्या शिस्तीतून मिळेल.

एक काम मात्र अजून व्हायचे आहे. उमदी, इंचगेरी, जिगजेवणी, निंबाळ येथे चाळीस-पन्नास वर्षे नेम केलेली माणसे अजून आहेत. त्यांच्या सवयी, आजारपणे, झोप, रक्तदाब यांची पद्धतशीर नोंद, कुवलयानंदांनी घालून दिलेल्या शिस्तीने, घेण्याजोगी आहे. जतच्या महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी आणि तालुक्यातील डॉक्टरांनी मिळून हे काम हाती घ्यावे. त्यासाठी रक्तदाब मापक, वही आणि कानडी जाणणारा एक सोबती एवढेच लागेल.